न कापले जाणारे प्लाझ्मिड

रिस्ट्रिक्शन एन्झाइमने प्लाझ्मिड कापले नाही, ही तक्रार एका वाक्यात सांगितली जाते. जेलवर मात्र तिची चार निरनिराळी चित्रे असतात. पहिल्यात एन्झाइम घातलेली आणि न घातलेली लेन हुबेहूब सारखी दिसते: खाली पीळ पडलेल्या वर्तुळाचा ठळक बँड आणि वर, एका धाग्याला चीर गेल्याने सैल झालेल्या वर्तुळाचा फिकट बँड. दुसऱ्यात या दोहोंच्या मध्ये सरळ झालेल्या डीएनएचा बँड उमटतो, पण जुने बँडही शिल्लक राहतात. तिसऱ्यात बँड नाहीसे होऊन लेनभर धूसर ओघळ पसरतो. चौथ्यात बँड वेलच्या आसपास अडकून बसतो. पहिल्याचे कारण बहुधा अडथळा किंवा मिथाइलचे आवरण, दुसऱ्याचे अपुरे एन्झाइम किंवा अपुरा वेळ, तिसऱ्याचे डीएनए खाणारे परके एन्झाइम, तर चौथ्यात पुष्कळदा कापणी झालेलीच असते. एन्झाइम डीएनएला चिकटून राहिल्यामुळे तुकडे पुढे सरकत नाहीत. या शेवटच्या प्रकारात लोडिंग डायमध्ये थोडे एसडीएस मिसळून नमुना काही मिनिटे ६५ अंशांवर धरला की बँड आपल्या जागी येतात. चित्र न पाहता उपाय सुरू केला तर चांगला डीएनए फेकला जातो आणि महागडे एन्झाइम वाया जाते.

म्हणून शुद्धीकरणाला हात लावण्यापूर्वी दोष कोणाचा हे ठरवावे लागते. त्यासाठी चार नळ्या पुरतात. पहिल्या नळीत संशयित प्लाझ्मिड आणि बफर, एन्झाइम नाही. दुसऱ्या नळीत नक्की कापला जाणारा ओळखीचा डीएनए आणि एन्झाइम. लॅम्डा डीएनए यासाठी सोयीचा, कारण हिन्ड-थ्री त्याचे ८ तुकडे करते आणि त्यांची मापे सर्वांना पाठ असतात. तिसरीत संशयित प्लाझ्मिड आणि एन्झाइम. चौथीत संशयित प्लाझ्मिड, लॅम्डा आणि एन्झाइम, तिन्ही एकत्र. चारही नळ्या सारखाच वेळ ३७ अंशांवर राहिल्या पाहिजेत. पहिली नळी फ्रीजमध्ये ठेवून देण्याची सवय सर्रास आढळते आणि तिथेच पुरावा हातचा जातो: बफरमधल्या मॅग्नेशियमने जागे होणारे न्यूक्लिएज, म्हणजे डीएनए खाणारे ते परके एन्झाइम, उबेतच काम करते, थंडीत नाही.

निकाल वाचणे सोपे आहे. दुसऱ्या नळीतला लॅम्डा कापला गेला नाही तर एन्झाइम किंवा बफर खराब. तो कापला गेला, पण चौथ्या नळीतला लॅम्डा तसाच राहिला, तर प्लाझ्मिडच्या नमुन्यात एन्झाइमला रोखणारे काहीतरी आहे. चौथ्या नळीत लॅम्डा कापला गेला आणि प्लाझ्मिड मात्र अखंड राहिले, तर नमुना स्वच्छ आहे आणि अडचण खुद्द त्या डीएनएमध्ये आहे: जागा मिथाइलने झाकलेली, जागा नाहीशी झालेली, किंवा डीएनएचा आकारच बिघडलेला. चौथी नळी सगळ्यांत मोलाची, आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत हमखास गाळली जाणारीही तीच.

वऱ्हाडात प्लाझ्मिड काढण्याचे आणि कापण्याचे काम मुख्यतः दोन ठिकाणांभोवती चालते: १९६९ मध्ये स्थापन झालेले अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि १९८३ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे झालेले, आताचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. एकाकडे कापूस, सोयाबीन आणि तूर यांचे जैवतंत्रज्ञान, दुसऱ्याकडे संलग्न महाविद्यालयांतले सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाचे पदव्युत्तर वर्ग. पद्धत जगभर एकच असली तरी ती लिहिली गेली २० ते २५ अंशांच्या खोल्यांत. अकोल्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे. छापील पद्धतीतल्या ‘रूम टेम्परेचर’ आणि ‘डिस्टिल्ड वॉटर’ या दोन साध्या शब्दांचा अर्थ इथे तपासून घ्यावा लागतो.

प्लाझ्मिड वेगळे करण्याची रोजची पद्धत म्हणजे अल्कली लायसिस. बर्नबॉइम आणि डोली यांनी ती १९७९ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजची बहुतेक तयार किटे तिच्यावरच उभी आहेत. पहिल्या द्रावणात ट्रिस, ईडीटीए आणि मूळ कृतीत ग्लुकोज, दुसऱ्यात ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ टक्का एसडीएस. तिसऱ्यात आम्लधर्मी पोटॅशियम ॲसिटेट. दुसऱ्या द्रावणाने जिवाणूंची भित्तिका फुटते आणि डीएनएचे दोन धागे विलग होतात. प्लाझ्मिडचे धागे एकमेकांत गुंतलेली बंद वर्तुळे असल्याने ते दूर जाऊ शकत नाहीत. तिसऱ्या द्रावणाने पीएच खाली येताच ते पुन्हा नेमके जुळतात. गुणसूत्राचा लांबलचक डीएनए मात्र गोंधळून प्रथिने आणि एसडीएस यांच्या पांढऱ्या गोळ्यात अडकतो.

न कापली जाणारी प्लाझ्मिडे सगळ्यांत जास्त तयार होतात ती या दुसऱ्या द्रावणात. पाच मिनिटांची मर्यादा उगाच घातलेली नाही. अल्कलीत जास्त वेळ गेला, किंवा सोडियम हायड्रॉक्साइड प्रमाणापेक्षा तीव्र झाले, तर प्लाझ्मिडचे धागे इतके विस्कटतात की पीएच उतरल्यावरही ते नीट जुळत नाहीत. असा डीएनए आकसून गोळा होतो, जेलवर पीळदार बँडच्याही थोडा पुढे धावतो आणि फिकट रंगतो. एन्झाइमला लागणारी दुहेरी धाग्याची जागाच त्यात नसल्याने तो कापला जात नाही. चोवीस नळ्या एकट्याने हाताळणाऱ्या विद्यार्थ्याची शेवटची नळी होईपर्यंत पहिल्या नळीची दहा मिनिटे भरलेली असतात. मग पहिल्या काही नळ्या कापल्या जात नाहीत, शेवटच्या जातात, आणि ठपका एन्झाइमवर येतो. हा बिघाड दुरुस्त होत नाही. नव्याने प्लाझ्मिड काढावे, आणि एका वेळी सहा-आठच नळ्या घ्याव्यात.

उलट चूकही तितकीच घडते. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. उन्हाळ्यात कूलर चालणाऱ्या खोलीत आणि पावसाळ्यात कुठेही, अर्धवट झाकलेल्या बरणीतल्या गोळ्या चिकट होतात. वजन भरते, पण अल्कली कमी पडते. पेशी नीट फुटत नाहीत, उतारा घटतो आणि द्रव गढूळ राहतो. हिवाळ्यात अमरावतीची थंडी वेगळाच त्रास देते: एसडीएस थंडीत खाली बसते आणि त्याकडे लक्ष न देता वरचेच द्रावण घेतले जाते. बाटली कोमट पाण्यात धरून ते पुन्हा विरघळवणे एवढाच त्यावर उपाय. दुसरे द्रावण दर वेळी ताजे मिसळावे, ही जुनी सूचना म्हणूनच पाळण्यासारखी आहे.

तिसऱ्या द्रावणानंतर नळ्या बर्फात ठेवण्यामागेही कारण आहे. पोटॅशियम आणि एसडीएस यांचा न विरघळणारा क्षार थंडीत पुरता खाली बसतो. शीतकरण नसलेल्या सेंट्रिफ्यूजमध्ये, मे महिन्याच्या दुपारी, नळी फिरता फिरताच गरम होते. थोडे एसडीएस वरच्या द्रवात राहते आणि पुढे डीएनएबरोबर येते. एसडीएस प्रथिनांची घडी मोडणारे रसायन आहे, त्यामुळे त्याच्या थोड्या अंशानेही एन्झाइम निकामी होऊ शकते. याच टप्प्यावर जोरात हलवले तर गुणसूत्राचा डीएनए तुटून वर येतो. नळी सावकाश उलटीसुलटी करायची असते, व्होर्टेक्सवर धरायची नसते.

शुद्धीकरणातून मागे राहणाऱ्या अडथळ्यांमध्ये ईडीटीएचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, आणि ते काहीसे अन्यायाने. एन्झाइमला मॅग्नेशियम लागते, ईडीटीए ते बांधून ठेवते, इथपर्यंत बरोबर आहे. पण डीएनए ज्यात विरघळवतात त्या टीई बफरमध्ये ईडीटीए १ मिलिमोलर असते आणि कापणीच्या बफरमध्ये मॅग्नेशियम साधारण १० मिलिमोलर. २० मायक्रोलिटरच्या मिश्रणात १५ मायक्रोलिटर डीएनए टीईमध्ये घातला तरी ईडीटीए ०.७५ मिलिमोलरच होते आणि मॅग्नेशियम भरपूर उरते. ईडीटीए खरोखर आड येते ते चुकीच्या साठ्यातून दसपट तीव्र टीई बनले, किंवा नमुना आटवून घट्ट केला, तेव्हा.

अल्कोहोल आणि क्षार यांचे तसे नाही. डीएनएचा गोळा ७० टक्के इथेनॉलने धुतला नाही तर ॲसिटेटचे क्षार उरतात. धुऊन नीट वाळवला नाही तर इथेनॉल उरते. इथेनॉलची खूण जेल भरतानाच मिळते: नमुना वेलमध्ये बसत नाही, वर तरंगून निघून जातो. वाळवण्याचा वेळ वऱ्हाडात ऋतूप्रमाणे बदलतो. मे महिन्यात गोळा काही मिनिटांत कोरडा होतो आणि आणखी ठेवला तर इतका सुकतो की विरघळायला तयार होत नाही. ऑगस्टच्या दमट हवेत तोच गोळा बराच वेळ ओला राहतो. घड्याळापेक्षा गोळ्याच्या कडांकडे पाहणे बरे. सिलिकाच्या कॉलममध्ये वॉश बफर काढल्यानंतर रिकामा कॉलम पुन्हा एकदा फिरवण्याची पायरी याच इथेनॉलसाठी आहे. फिनॉल वापरले असेल तर क्लोरोफॉर्मने एकदा धुणे आवश्यक, कारण फिनॉल एन्झाइम तर मारतेच, शिवाय २७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषून डीएनएचे माप फुगवते.

मापाचा प्रश्न इथे सुटा काढून पाहावा लागतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २८० चे गुणोत्तर १.८ आले की डीएनए शुद्ध, असे शिकवले जाते. ते गुणोत्तर प्रथिनांबद्दल थोडेफार सांगते. आरएनएबद्दल फारसे सांगत नाही. मिनीप्रेपमध्ये आरएनएज घातले नसेल, किंवा ते जुने असेल, तर यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यात मोठा वाटा आरएनएचा असतो. १ मायक्रोग्रॅम समजून घातलेल्या नमुन्यात प्लाझ्मिड नाममात्र असते. कापणी होऊनही तुकडे दिसत नाहीत आणि जेलच्या तळाशी आरएनएचा जाड ढग राहतो. जेलवर ओळखीच्या मार्करशेजारी बँडची ठळकता पाहणे हे यंत्राच्या आकड्यापेक्षा जास्त विश्वासार्ह आहे. सिलिका कॉलमच्या ग्वानिडीनमुळे २६० आणि २३० चे गुणोत्तर खाली येते, पण त्या एका आकड्यावरून नमुना फेकू नये. असा डीएनए अनेकदा व्यवस्थित कापला जातो. त्याची परीक्षा चौथी नळीच करते.

कोणत्या जिवाणूतून प्लाझ्मिड काढले, हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. डीएच-फाइव्ह-अल्फा या नेहमीच्या ई. कोलायमध्ये एंडोन्यूक्लिएज-ए हे एन्झाइम बनत नाही. एचबी-१०१ आणि जेएम-१०१ यांत ते बनते. अशा जिवाणूंतून घाईघाईने काढलेल्या प्लाझ्मिडबरोबर ते न्यूक्लिएजही येते, ईडीटीए असेपर्यंत गप्प बसते आणि कापणीच्या बफरमधले मॅग्नेशियम मिळताच सगळा डीएनए खाऊन टाकते. सुरुवातीला सांगितलेला धूसर ओघळ पुष्कळदा याचाच असतो आणि एन्झाइम नसलेल्या पहिल्या नळीतही तो दिसतो. अशा वेळी फिनॉल-क्लोरोफॉर्म वापरावे, किंवा किटमधला जास्तीचा वॉश गाळू नये. त्याहून सोपे म्हणजे प्लाझ्मिड डीएच-फाइव्ह-अल्फात घालून पुन्हा काढावे.

नमुना स्वच्छ असूनही एन्झाइम कापत नाही तेव्हा मिथाइलकडे वळावे लागते. रिस्ट्रिक्शन एन्झाइमे मुळात जिवाणूंनी परक्या डीएनएपासून बचावासाठी बाळगलेली आहेत आणि स्वतःचा डीएनए वाचवण्यासाठी ते त्यावर मिथाइल गट चढवतात. हा उलगडा ज्यांच्या कामातून झाला त्या वर्नर आर्बर, हॅमिल्टन स्मिथ आणि डॅनियल नेथन्स यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळेतल्या ई. कोलायमध्ये दोन मिथाइल यंत्रणा महत्त्वाच्या आहेत. डॅम ही जीएटीसी या अक्षरांतल्या ए वर मिथाइल चढवते. डीसीएम ही सीसीएजीजी आणि सीसीटीजीजी यांतल्या दुसऱ्या सी वर.

यातली मेख अशी की अडचण एन्झाइमच्या नावावरून कळत नाही, शेजारच्या अक्षरांवरून कळते. एक्सबा-वन टीसीटीएजीए ही जागा ओळखते. त्या जागेच्या आधी जीए किंवा नंतर टीसी आले की मध्ये जीएटीसी तयार होते आणि डॅम मिथाइलमुळे ती जागा बंद होते. एरवी तेच एन्झाइम त्याच प्लाझ्मिडमधली दुसरी जागा सहज कापते. क्ला-वनचेही असेच. बीसीएल-वनची जागा तर टीजीएटीसीए, म्हणजे जीएटीसी तिच्या पोटातच असल्याने साध्या ई. कोलायमधल्या प्लाझ्मिडवर ते कधीच चालत नाही. याउलट बॅमएच-वन आणि बीजीएल-टू यांच्या जागांतही जीएटीसी आहे, पण त्यांना मिथाइलचे सोयरसुतक नाही. डीसीएमच्या बाबतीत स्टु-वनच्या एजीजीसीसीटी या जागेनंतर जीजी आले की तीच गत होते. मिथाइलचा संशय स्वस्तात तपासता येतो: डीपीएन-वन फक्त मिथाइल असलेले जीएटीसी कापते, एमबो-वन फक्त नसलेले. पहिल्याने प्लाझ्मिडचे तुकडे झाले आणि दुसऱ्याने झाले नाहीत, तर डॅमचे काम चालू आहे.

त्यावर उपाय म्हणजे डॅम आणि डीसीएम दोन्ही नसलेल्या जिवाणूत प्लाझ्मिड घालून पुन्हा काढणे. जेएम-११० हा त्यातला जुना आणि सहज मिळणारा प्रकार, पण त्याच्यात एंडोन्यूक्लिएज-ए शाबूत आहे. मिथाइलची अडचण सोडवताना न्यूक्लिएजची ओढवून घेतली जाऊ शकते. एससीएस-११० मध्ये दोन्हींची काळजी घेतलेली आहे. डॅम नसलेल्या जिवाणूंत उत्परिवर्तने जास्त होत असल्याने प्लाझ्मिडचा कायमचा साठा मात्र त्यांत ठेवू नये.

एन्झाइमच्या बाजूने पाहिले तर एक हिशेब अनेकदा चुकतो. एक युनिट म्हणजे ५० मायक्रोलिटर मिश्रणात एका तासात १ मायक्रोग्रॅम डीएनए पुरता कापणारे एन्झाइम, आणि हा डीएनए बहुधा लॅम्डा असतो. लॅम्डाच्या ४८,५०२ अक्षरांच्या जोड्यांत इकोआर-वनच्या ५ जागा आहेत. पीयूसी-१९ या प्लाझ्मिडच्या २,६८६ जोड्यांत एक. वजन सारखे घेतले तर पीयूसी-१९ मध्ये जागा साडेतीन पटींहून जास्त भरतात. त्यात पीळदार वर्तुळ कापायला सरळ डीएनएपेक्षा अवघड. मायक्रोग्रॅमला पाच ते दहा युनिटे घेण्याची प्रथा यातून आली आहे. पण एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येते आणि मिश्रणात ग्लिसरॉल ५ टक्क्यांच्या वर गेले तर काही एन्झाइमे भलत्याच जागी कापू लागतात. म्हणून एन्झाइमचे आकारमान एकूण मिश्रणाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त ठेवत नाहीत.

तापमानाच्या बाबतीत वऱ्हाडचा उन्हाळा सरळ प्रयोगात शिरतो. स्मा-वन २५ अंशांवर काम करते आणि ३७ अंशांवर लवकर निकामी होते. मे महिन्यात ते नुसते टेबलावर ठेवले तर खोलीचेच तापमान ३७ च्या पुढे असते. थंड पाण्याचे भांडे आणि थर्मामीटर लागतोच. साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येते, थंड करता येत नाही. खोली ४० अंशांवर असेल तर तो ३७ दाखवूच शकत नाही. त्यात वाढवलेल्या पीयूसी जातीच्या प्लाझ्मिडची पेशीतली संख्या तापमानाबरोबर वाढते, पण ॲम्पिसिलिन उष्णतेने लवकर उतरते आणि प्लाझ्मिड नसलेल्या पेशी माजतात. भारनियमनाच्या काळात फ्रीजर बंद पडला तर ग्लिसरॉलमुळे एन्झाइम गोठलेले नसतेच, त्यामुळे डोळ्यांना फरक दिसत नाही. इकोआर-वन आणि हिन्ड-थ्री यांसारखी चिवट एन्झाइमे थोडा काळ तग धरतात, नाजूक धरत नाहीत. एन्झाइमे बर्फाच्या पॅकसह थर्माकोलच्या डब्यात ठेवणे आणि शुक्रवारी संध्याकाळी पार्सल पोहोचेल अशी मागणी न नोंदवणे, एवढे तरी हातात असते.

पाण्याचेही तसेच. खारट, जड पाण्यावर चालणाऱ्या काचेच्या डिस्टिलेशन संचात पांढरा थर लवकर साचतो आणि फेसाबरोबर क्षार पुढे जातात. आयन काढणाऱ्या कॉलमची ताकदही अशा पाण्यावर लवकर संपते. चालकता मोजणारे छोटे मीटर यासाठी पुरेसे आहे. शुद्ध पाणीसुद्धा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साडेपाचच्या आसपास पीएचला येते. सिलिका कॉलममधून डीएनए सुटायला मात्र पीएच ७ ते ८.५ लागतो. उतारा कमी पडला म्हणून नमुना आटवायचा आणि आटवताना क्षार घट्ट करायचे, हा दुष्टचक्राचा मार्ग १० मिलिमोलर ट्रिस वापरून टाळता येतो.

अडथळा आहे हे नक्की झाल्यावर स्वस्त उपाय आधी करावा. तेवढाच डीएनए आणि तेवढेच एन्झाइम २० ऐवजी १०० मायक्रोलिटरमध्ये घेऊन वेळ वाढवला की अडथळा पाचपट पातळ होतो आणि बऱ्याच अडचणी इथेच मिटू शकतात. त्याने भागले नाही तर ०.३ मोलर सोडियम ॲसिटेट आणि दुप्पट ते अडीचपट इथेनॉलने डीएनए पुन्हा खाली बसवून ७० टक्के इथेनॉलने नीट धुवावा. प्रथिने किंवा न्यूक्लिएजचा संशय असेल तर त्याआधी फिनॉल-क्लोरोफॉर्म. आरएनए फार असेल तर पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि मीठ, ज्यात मोठे प्लाझ्मिड बसते आणि आरएनएचे छोटे तुकडे वर राहतात. हे सगळे करूनही फक्त एकाच एन्झाइमची जागा कापली जात नसेल आणि मिथाइलही नसेल, तर प्लाझ्मिडचे सिक्वेन्सिंग करून घ्यावे. पीसीआरने घातलेल्या जागेत एखादे अक्षर बदललेले निघणे नवलाचे नाही. नेइ-वन, इकोआर-टू किंवा एसएफआय-वन यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते: त्यांना नीट कापायला डीएनएवर दोन जागा लागतात आणि एकच जागा असलेले प्लाझ्मिड ती हळू किंवा अर्धवट कापतात.

पिकांत जनुक घालण्याच्या कामात प्लाझ्मिड शेवटी ॲग्रोबॅक्टेरियममध्ये जाते आणि तिथून काढलेले मिनीप्रेप कापणीसाठी कुप्रसिद्ध आहे. द्विघटकी वाहकांची (बायनरी व्हेक्टरची) प्रतिसंख्या तिथे कमी, जिवाणूची भित्तिका चिवट, बाहेर पॉलिसॅकराइडचा चिकट थर. उतारा थोडा आणि त्यात गुणसूत्राचा डीएनए व चिकटा जास्त, अशा नमुन्याला एन्झाइमने दाद न देणे साहजिक आहे. त्या मिनीप्रेपमधला एखादा मायक्रोलिटर डीएच-फाइव्ह-अल्फात घालून, तिथून भरपूर प्लाझ्मिड काढून मग कापणे हा रुळलेला मार्ग. कपाशीच्या पानातल्या डीएनएची अडचण यापेक्षा वेगळी आहे. पॉलिफिनॉल हवेत तपकिरी होऊन डीएनएला चिकटतात, म्हणून सीटॅब बफरमध्ये पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालून कोवळी पाने घेतली जातात. त्यातूनही डीएनए स्वच्छ निघाला तरी वनस्पतींच्या सीजी जोड्यांवर स्वतःचे मिथाइल असते. सीसीजीजी ही एकच जागा ओळखणाऱ्या दोन एन्झाइमांपैकी आतल्या सी वर मिथाइल असताना एचपीए-टू थांबते आणि एमएसपी-वन कापते. कपाशीच्या डीएनएवर या दोघांचे जेल वेगळे दिसले तर शुद्धीकरण पुन्हा करण्याची गरज नसते.